पट्ट्या कोरड्या फडक्यानेच पुसाव्यात

३ जानेवारी

अक्षर ओळखलं असशील. लगेच फाडू नकोस. पत्र बाईंचं आहे, हात फक्त माझा.

बाईंना तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला थोडं ओढलं गेलं. समोर बसलं की बोलणं कळतं, फोनवर कळत नाही. म्हणून त्या कुणाचाच फोन घेत नाहीत, तुझ्यावर राग नाही. तुझं पत्र आलं तेव्हा मी त्यांचे केस विंचरत होते. म्हणाल्या, "वाच." मुलगी पियानो शिकते, सूर तुटक तुटक येतात, सलग कसे करायचे, एवढं तू विचारलंस. मग म्हणाल्या, "कागद घे."

मी म्हटलं, "मी चौथी शिकलेली बाई. माझ्याकडून कसली पत्रं लिहून घेता?"

"मग काय मांजराकडून घेऊ?"

म्हणून लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. सकाळी त्यांची अंघोळ, झाडलोट उरकते आणि मग हॉलवर जाते. संगीतशाळेचा हॉल, तोच. अजून मीच पुसते.

आता बाईंचं ऐक. चालताना आपण एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही. बोटांचंही तेच. दुसरी पट्टी दाबली, तिचा सूर निघाला, की मगच पहिलं बोट उचलायचं. आधी उचललं तर मध्ये भोक पडतं. फार उशिरा उचललं तर दोन सूर एकमेकांत कालवले जातात. मुलं प्रत्येक पट्टीवरून उडी मारतात, पट्टी तापलेली असल्यासारखी. तिला उड्या मारू देऊ नकोस, चालव. आधी दोनच बोटं घ्या, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ह्याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून ह्याच्यावर. ते जमलं की तिसरं. पाचही बोटांना आठवडा लागला तरी लागू दे.

आणि तिचे पाय जमिनीला टेकतात का ते बघायला सांगितलंय. सात वर्षांच्या पोरीचे टेकत नसणार. पायाखाली खोकं ठेव. माणूस लोंबकळत असलं की ते आधी स्वतःला सावरतं, सुराकडे नंतर बघतं. खुर्ची खुजी असेल तर घोंगडी घडी करून घाल. कोपर पट्ट्यांच्या रेषेत आलं पाहिजे.

बाईंचं संपलं. नखं काप तिची, हे माझं. नखं वाढली की बोट आडवं पडतं. तुझी मी दर रविवारी कापायचे.

जुनं उकरत नाही. परीक्षा म्हटली की कुणी पास होतं कुणी नापास, तयारी कमी पडली की पडली. त्यावरून कुणी अकरा वर्षं तोंड फिरवून बसत नाही. पण तू बसलीस.

उत्तर बाईंच्या नावाने पाठव.

१९ जानेवारी

तुझं पत्र आलं. बाईंच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, त्यामुळे ते मीच मोठ्याने वाचलं. पायाखाली खोकं ठेवल्यावर पोर ताठ बसायला लागली. बरं झालं. दोन बोटांचं जमलं. तेही बरं झालं.

मी वाचून कागद घडी केला तर बाई म्हणाल्या, "एक ओळ गाळलीस."

"काहीतरीच. सगळं वाचलं."

"मध्ये श्वास घेतलास. त्या जागी श्वास घ्यायचं काही कारण नव्हतं."

पन्नास वर्षं दुसऱ्यांचे सूर ऐकण्यात घालवलेली बाई. तिच्यापुढे काय लपणार? मग वाचली. 'पुढचं पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आलं तर बरं होईल.' बाई मग म्हणाल्या, "शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना विचारू का?" मी म्हटलं, "विचारा. त्यांना ऐकू येत नाही, पण विचारा." तोंड वाकडं असलं तरी त्या हसल्या की कळतं.

तेव्हा अक्षर हेच राहणार. चालवून घे.

पण एक भानगड झाली. बाई सांगायला लागल्या, बोट खाली-वर, अंगठा आतून, आणि मी म्हटलं, "थांबा, मला यातलं काही कळत नाही, मी लिहू काय?" तर म्हणाल्या, "कळल्याशिवाय तू तिला काय कळवणार? बस तिथे." स्टुलावर. पियानोच्या.

पंचवीस वर्षं मी पियानो पुसतेय. बसले पहिल्यांदा. फिनेलने चिरा पडलेले माझे हात, दाबायला गेले तर पहिला सूर असा निघाला की मांजर खोलीतून उठून गेलं. बाई म्हणाल्या, "पट्टीने तुझं काय वाकडं केलंय?"

तर आता मला कळतं तुझी मुलगी काय करते ते. मी तेच करते.

मधेच अडलं की मी पहिल्यापासून सुरू करते. बाईंनी माझ्या हातावर डाव्या हाताने चापट मारली. म्हणाल्या, सगळे हेच करतात. येतं तेवढं शंभरदा वाजवतात आणि भोक तसंच राहतं. जिथे तुटतं तिथेच जायचं. तुटलेल्या जागेच्या आधीचा एक सूर आणि नंतरचा एक. फक्त ते दोन सांधायचे, हळू, जितकं हळू जमेल त्याच्या निम्म्याने. ते सांधले की आधीचा आणखी एक घ्यायचा, नंतरचा आणखी एक. मुलीला सांग की सुरुवात तिला येते, तिच्याकडे परत परत जाऊ नकोस.

प्रत्येक सुरावर पेन्सिलीने बोटाचा आकडा लिही. अंगठा एक, करंगळी पाच. एकदा ठरलं ते बोट बदलायचं नाही. आज ह्याने उद्या त्याने केलं की हात रोज नव्याने घाबरतो.

अंगठ्याचं वेगळं आहे. अंगठा म्हणजे घरात आलेला जाडा पाहुणा, आला की सगळ्यांना आवाजाने कळतं. तीन सूर झाल्यावर अंगठा हाताखालून पुढे न्यायचा असतो, तर तो ऐनवेळी धावत न्यायचा नाही. दुसरं बोट वाजत असतानाच तो खालून हळूच सरकायला लागला पाहिजे. आणि पोचल्यावर आपटायचा नाही, कडेने टेकवायचा. माझा अजून आपटतो. बाई म्हणतात, "तू अंगठ्याने बादली उचलतेस, म्हणून." म्हटलं, तुमची पण उचलते.

हे सगळं तुला माहीत आहे म्हणा. तू माझ्या शंभरपट वाजवायचीस. तरी तू विचारतेस, म्हणजे घरी एकदाही तिच्या शेजारी बसून वाजवून दाखवत नसशील. बरोबर ना?

६ फेब्रुवारी

तुझं पत्र काल आलं. या वेळी मी न गाळता वाचलं.

तू लिहिलंस की मुलीला सूर जोडता येतात, पण धोपटते. तू लिहिलंस की चौदा मार्चला तिला लोकांसमोर पहिल्यांदा वाजवायचं आहे आणि ती नाही म्हणते. तिला विचारलं का, तर म्हणाली, 'माझी बोटं लाकडाची आहेत.' आणि तू लिहिलंस की हे तिने तुझ्याकडूनच उचललं असणार, कारण तू स्वतःबद्दल असं म्हणतेस. मुलीने या वेळी माघार घेतली तर शिकवणी बंद करणार, असंही तू लिहिलंस.

मी वाचत होते आणि बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काही माहीत नाही. त्या दिवशी हॉलबाहेरच्या बोळात मी तुला काय बोलले ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं आधी लिहिते.

धोपटायचं नाही म्हणजे हळू वाजवायचं असं नाही. बोटाने मारायचं नाही, हाताचं वजन बोटावर सोडायचं. आणि ते वजन एका बोटावरून पुढच्यावर न्यायचं, झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसरीवर देतो तसं. पुढच्या मांडीवर नीट विसावल्याशिवाय आपण हात काढत नाही. मनगट दगडासारखं धरायचं नाही. हात मांडीवर पाडून बघायला सांग, कसा पडतो, सैल. तेवढाच सैल पट्टीवर. बोटं वाकलेली, मुठीत लहान चेंडू असल्यासारखी, पण चेंडू आवळायचा नाही.

दुसरं, तिला गायला लाव. आवाज कसाही असू दे. तोंडाने गाताना आपण सूर तोडत नाही, आपोआप जोडतो, आणि श्वास कुठे घ्यायचा तेही कळतं. जिथे गाताना श्वास येतो तिथे मनगट किंचित वर उचलायचं. बाकी कुठे नाही. मी गायले तर बाई म्हणाल्या, "कावळा, पण सलग."

तिसरं, सूर विझेपर्यंत ऐकायचा. एक पट्टी दाबून ठेवायची आणि आवाज पूर्ण जाईपर्यंत बोलायचं नाही. माणसं सूर निघतो ते ऐकतात, जातो तो ऐकत नाहीत. जाणारा सूर ऐकला की पुढचा किती जोराने द्यायचा ते कळतं, त्याच्यापेक्षा जोरात दिला तर खड्डा वाटतो. मी करून बघितलं. बराच वेळ लागतो गं सूर जायला. मला वाटलं होतं दाबला की संपला.

झालं बाईंचं.

लाकडाची बोटं हा शब्द माझा आहे. मला माहीत आहे. पण त्याबद्दल आत्ता नाही, हॉलवर जायचंय.

९ फेब्रुवारी

हे पत्र बाईंचं नाही. त्यांना माहीतही नाही की मी लिहितेय. हॉलच्या मागच्या खोलीत, बादल्यांच्या मध्ये बसलेय.

बाई म्हणतात जिथे तुटलं तिथेच जायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही. म्हणून तुझा बाप गेला, मी कसे दिवस काढले, ते काही सांगत नाही. ते मला पाठ आहे आणि तुलाही पाठ आहे. सरळ त्या दिवसाचं सांगते.

तू सोळा वर्षांची होतीस. बाहेरून तीन परीक्षक आले होते, मोठ्या संगीतविद्यालयातल्या एकाच जागेसाठी. वाजवायला तुझा नंबर पहिला. सहा वर्षं बाईंनी तुला फुकट शिकवलं होतं, मी त्यांच्या घरी भांडी घासत असताना. सगळ्यांना वाटत होतं की जागा तुझीच.

मी पहाटेच हॉलवर गेले. लादी तीनदा पुसली. खुर्च्या पुसल्या. मग पियानोजवळ गेले. बाईंनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की लाकूड कशानेही पुस, पट्ट्यांना कोरड्या फडक्याशिवाय काही लावायचं नाही. बारा वर्षं मी ते पाळलं. त्या दिवशी बघितलं तर पट्ट्या मळकट दिसत होत्या. मधल्या तर पिवळ्याच. मला वाटलं, माझी पोरगी बसणार, मोठी माणसं बघणार, आणि म्हणणार की हिची आई इथे झाडते आणि पट्ट्या अशा? जिन्याच्या कठड्याचं पॉलिश माझ्याकडे होतं, मेणाचं. ते घेतलं. एकेका पट्टीला लावलं, काळ्यांनाही, आणि घासून घासून चमकवलं. आरशासारखं केलं. बोट फिरवून बघितलं तर सरकन गेलं. मला आनंद झाला. मला वाटलं, गुळगुळीत झालं की तुलाही गुळगुळीत वाजवता येईल. एवढीच माझी अक्कल.

तू बसलीस. पहिली ओळ बरी गेली. मग हात भराभर जायला लागले आणि बोटं घसरायला लागली. मी दारात उभी होते, हातात मॉप. तू अडलीस, परत सुरू केलंस, परत घसरलीस. तुझी मान लाल झाली होती मागून. तिसऱ्यांदा तू हात मांडीवर ठेवलेस आणि उठलीस.

मला तेव्हा कळलं नव्हतं, हे देवाशपथ खरं. मला वाटलं तू घाबरलीस. मी बोळात तुला गाठलं आणि सगळ्या पोरांच्या आयांसमोर म्हणाले, "सहा वर्षं बाईंचं रक्त आटवलंस आणि इथे येऊन माझी लाज काढलीस. लाकडाची बोटं आहेत तुझी, लाकडाची." तू माझ्याकडे नुसतं बघितलंस.

मग मी परत दारात गेले. दोन नंबरची मुलगी बसली होती. तिची सवय असेल, तिने बसल्या बसल्या रुमाल काढला आणि पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसल्या. मग बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला, परत पुसल्या. आणि मग वाजवलं. छान वाजवलं. जाताना तिने तो रुमाल कचऱ्याच्या टोपलीत टाकला. टोपली मीच रिकामी करते. रुमाल मेणाने चिकट झाला होता.

तेव्हा कळलं.

परीक्षक आत चहा पीत होते. मी दार ढकलून सांगितलं असतं तर त्यांनी तुला परत बसवलं असतं. वीस पावलं होती. मी रुमाल ॲप्रनच्या खिशात घातला आणि लादी पुसायला लागले. नोकरी जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. मी नुकतंच सगळ्यांसमोर तुला बोलले होते. लगेच जाऊन कसं म्हणू की चूक माझी? वीस पावलं चालले नाही, त्याला हे कारण.

मग घरी तू पियानोचं नाव टाकलंस. मी विचारलंही नाही का. दोन वर्षांनी तू पिशवी भरलीस तेव्हा मी म्हणाले, "जा, जाशील कुठे." आणि तू गेलीस.

तुझी बोटं लाकडाची नव्हती. नाहीत. मुलीला हे सांग. तिला सगळं सांगितलंस तरी चालेल, आजीने पट्ट्यांना मेण फासलं म्हणून सांग, हसेल तरी. पण लाकडाचं तिच्या डोक्यातून काढ. ते माझ्या तोंडातून तुझ्यात गेलं आणि आता तिच्यात गेलंय. इथे थांबव.

हे वाचून तू बाईंना लिहायचं बंद करशील, हे धरूनच टाकतेय.

१ मार्च

तीन आठवडे झाले, तुझं काही नाही. बरोबर आहे.

बाईंना सांगितलं. न सांगून उपाय नव्हता, रोज विचारत होत्या, "पत्र का येत नाही?" मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. सगळं सांगितलं, खाली बघूनच. त्यांनी पाय ओढून घेतला. म्हणाल्या, "उद्या येऊ नकोस."

चार दिवस गेले नाही. त्यांचं कोण करत असेल या विचाराने हॉलवर दोनदा तीच खिडकी पुसली. पाचव्या दिवशी शेजारच्या पोस्टमास्तरांना पाठवलं त्यांनी. ते दारात उभं राहून ओरडले, "बाई म्हणतात मेलीस का!" मी गेले. केस नुसते गुंतले होते. विंचरताना म्हणाल्या, "तेरा वर्षं मी समजत होते की मी शिकवण्यात कुठेतरी चुकले. रात्रंदिवस शोधलं, कुठे चुकले." मी म्हटलं, "माफ करा." म्हणाल्या, "जास्त ओढू नकोस, दुखतं." केसांचं म्हणाल्या.

मग म्हणाल्या, कागद घे, चौदा तारीख जवळ आली, पॅडलचं राहिलंय. तू उत्तर देत नाहीस म्हणून पोरीचं अडू नये.

पॅडल पायाने दाबलं की सगळे सूर एकमेकांत वाहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती सलग. मुलांना ते सापडलं की दाबूनच ठेवतात. बाई म्हणाल्या, "तिला तुझ्या भाषेत लिही." तर माझ्या भाषेत असं, की पॅडल म्हणजे कचरा ढकलायचा गालिचा नव्हे. आधी बोटांनी खोली झाडायची. बोटांनी जे जोडता येतं ते पॅडलने जोडायचं नाही. पोरीला अजून पाय पोचत नसेल तर देवाची कृपा समज, या वेळी नकोच ते. पुढे पोचेल तेव्हा सूर वाजल्यानंतर दाबायचं, आधी नाही, आणि नवा सूर आला की सोडून परत दाबायचं. नाहीतर मागचं सगळं पुढच्यात येतं.

हे माझं, बाईंचं नाही. वाजवायच्या आधी पट्ट्यांवर हात फिरवून बघ. तिथे कोण पुसतं ते तुला माहीत नाही.

२४ मार्च

भिंगरी,

पाकिटावर माझं नाव बघून मी ते आधी बाईंच्या टेबलावर ठेवलं. चुकून आलं असं वाटलं. बाई म्हणाल्या, "नाव वाचता येतं ना तुला?"

तू लिहिलंस ते सगळं मी इथे परत लिहिते. मला नीट कळलंय का ते तू बघ.

वास तुला पहिल्याच पट्टीला आला होता. कठड्याच्या पॉलिशचा वास तुला ओळखू येणारच, माझ्या कपड्यांना रोज तोच असायचा. तू परीक्षकांना बोलली नाहीस, कारण तिथे कोण पुसतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तू बाहेर आलीस ती मला सांगायला, की आई, घाबरू नकोस, मी कुणाला बोलले नाही. आणि मी बोळात तोंड उघडलं. तरी तू दोन वर्षं थांबलीस. रोज जेवताना तुला वाटायचं की आज ही बोलेल. मी भाजीत मीठ कमी आहे का ते विचारायचे.

तू लिहिलंस, 'जागा गेली त्याचं मला कधीच काही वाटलं नाही असं नाही. पण मी त्यासाठी गेले नाही.'

कळलं.

मी रुमाल जपून ठेवला होता, ते मागच्या वेळी लिहिलं नव्हतं. ट्रंकेत होता. काल बाईंना दाखवला. त्यांनी हातात घेतला, नाकाशी नेला. अजून वास येतो. म्हणाल्या, "टाक आता." टाकला नाही. धुतला आणि पट्ट्या पुसायला घेतला. कोरडा.

चौदा तारखेचं वाचून दाखवलं त्यांना. बसायच्या आधी तू तिच्या हातात रुमाल दिलास आणि तिने सगळ्या पट्ट्या पुसल्या, लोक हसले, तरी पुसल्या. दोनदा तुटलं. पण पहिल्यापासून सुरू केलं नाही, तुटलं तिथूनच पुढे गेली. बाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. डावा हात मांडीवर आपटत होत्या.

माफ केलं असं तू लिहिलं नाहीस. मी शोधलंही नाही. खोटं सांगत नाही, एकदा शोधलं.

शेवटची ओळ वाचताना मी थांबले. बाई म्हणाल्या, "परत श्वास घेतलास. काय गाळतेस?"

"काही गाळत नाही. वाचता येत नाहीये."

"अक्षर वाईट आहे?"

"नाही."

मी डोळे पुसून वाचलं. 'तुझी नात विचारते, उजवा हात सलग जातो, डावाही जातो, दोन्ही एकत्र केले की परत तुटतं. काय करायचं ते आजीने सांगावं.'

बाईंना विचारायला गेले तर म्हणाल्या, "मला नाही विचारलंय." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा हे माझंच. चूक असेल तर माझी.

तिला सांग, माझंही तुटतं. दोन्ही हात एकदम आणायची घाई करू नये. आधी एक हात वाजवायचा आणि दुसरा नुसता पट्ट्यांवर ठेवायचा, न दाबता. त्याला तिथे असायची सवय होऊ द्यायची. मग दोन हातांचे फक्त दोनच सूर एकत्र. ते नीट लागले की थांबायचं, विझेपर्यंत ऐकायचं, मग पुढचे दोन. एखाद्या दिवशी तेवढंच होईल. तेवढंच होऊ दे.

मी उजव्या हाताची पाच सुरांची ओळ न तोडता वाजवते आता. अंगठा अजून आपटतो. डाव्या हाताचं मला येत नाही. तुला येतं. तिच्या डाव्या बाजूला बसून तू तेवढं वाजव, उजवं तिला वाजवू दे.

आई